देवकाबाईंच्या नावापुढची तीन शून्यं

देवकाबाईंच्या नावापुढं ती शून्यं मीच लिहिली. दुसऱ्या कोणावर ढकलायची सोय नाही, कारण फॉर्मखाली सही माझी आहे. प्रज्ञा, सर्वेक्षक, पांढुर्णा गट.

नागपूरचे एक मेंदूचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या विसरण्यावर संशोधन करत होते. आम्ही गावोगाव जाऊन प्रश्न विचारायचे आणि गुण द्यायचे. रामाकोन्याला देवकाबाईंच्या घरी पोचले तेव्हा त्या बागेत निघाल्या होत्या. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. दोनशे संत्र्यांची ती बाग त्याच सांभाळत, आणि कोणत्या झाडाला डिंक्या रोग लागलाय ते बसल्या जागी सांगत.

"लवकर विचार वं पोरी," त्या म्हणाल्या, "तिकडं मजूर वाट पाहून राह्यले."

वार, महिना, उलटे आकडे, सगळं पटापट झालं. मग मी नवऱ्याचं नाव विचारलं. त्या गप्प. सासऱ्याचं विचारलं, जेठाचं, म्हणजे थोरल्या दिराचं, विचारलं. पदर तोंडाला लावून त्या जमिनीकडं पाहत राहिल्या. त्या दिवसाचं सोळावं घर होतं आणि मला बस गाठायची होती. तिन्ही ठिकाणी मी 'आठवत नाही'वर खूण केली, म्हणजे तीन शून्यं. जवळच्या माणसांच्या नावांना त्या चाचणीत सगळ्यात जास्त गुण होते. गुण कमी पडले की घरच्यांना सल्ल्याची चिठ्ठी जायची.

आमच्या घरी आई बाबांना 'तुळशीराम' म्हणून खुशाल हाक मारते, हे खरं. पण मी इथल्याच बोरगावची. शेजारपाजारच्या बाया जीव गेला तरी नवऱ्याचं, सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाहीत हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायला जीभ रेटत नाही. घाईत माझी अक्कल गहाण पडली होती, दुसरं काही नाही.

वर्षभरानं डॉक्टरांचा लेख छापून पांढुर्ण्याच्या ऑफिसात आला. आम्ही पेढे वाटले. चहा पिता पिता मी पानं चाळली आणि एका तक्त्यापाशी थांबले. या भागातल्या बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त संख्येनं जोडीदाराचं नाव विसरतात, असं तिथं लिहिलं होतं. मला आधी हसू फुटलं, मग देवकाबाईंचा तोंडाला लावलेला पदर आठवला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "परत जा. प्रत्येक घरी परत जा."

सगळ्यात आधी मी रामाकोन्याला गेले. फाटकाला कुलूप होतं, वर देवकाबाईंच्या नवऱ्याच्या नावाची पाटी होती: यशवंतराव. देवकाबाई ओसरीच्या जाळीमागं खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या मुलानं, गजेंद्रनं, कुलूप काढलं.

"तुमच्याच चिठ्ठीवर लिहून होतं ताई, एकटं सोडू नका म्हणून," तो म्हणाला. "मी कंपनीत जातो, पूनम शाळेत शिकवते. मंग काय करता? बाग ठेक्यानं देऊन टाकली."

वर्षभर चूल नाही, बाग नाही, बाजार नाही. पहिले दोन महिने त्या जाळी हलवून भांडल्या, नंतर भांडणंही सोडलं, असं त्याची बायको पूनम म्हणाली. मला माझीच लाज वाटली. झालेली चूक मी सांगितली, तसं गजेंद्रनं हातातलं कुलूप खाली ठेवलं.

"म्हंजे आईले काही झालंच नोतं?"

"परत विचारते. बरोबर आलं तर—"

"तं आजच किल्ली आईच्या हातात देतो."

देवकाबाई ऐकत होत्या. "बागेत जाऊ देसान?" त्यांनी विचारलं. गजेंद्रनं मान हलवली, आणि त्या सावरून बसल्या.

वार चुकला. महिना सांगितला. उलटे आकडे मध्येच सुटले. मी मनात गुण जोडत होते. नावं आली तर अजूनही जमणार होतं. मी म्हटलं, "आजी, नुसतं नाव नका घेऊ. उखाण्यात घ्या."

त्या लाजल्या. सत्तरीची बाई नव्या नवरीसारखी लाजली. पदर नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"आंबिया बहार फुटला, फुलं आली दाट..."

पुढं काहीच आलं नाही. त्यांनी परत सुरुवात केली. परत 'दाट'पाशीच अडल्या. तिसऱ्यांदा ओठ नुसते हलले, आणि त्या घाबरून माझ्याकडं पाहू लागल्या. आमच्या शून्यांनी त्यांना कोंडलं म्हणून हे झालं, की ते तेव्हाच सुरू झालं होतं, हे मला कुठलाच फॉर्म सांगणार नव्हता.

उत्तर सुचवायचं नाही, असा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. मी तो मोडला. त्यांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "यशवंतराव."

देवकाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, गजेंद्रकडं पाहिलं, आणि मला विचारलं, "थे कोन होय वं?"