फाइल बघायची नाही

निवृत्त झाल्यावर माणसानं गुमान घरी बसावं, पण मला ते जमलं नाही. पस्तीस वर्षं कॉलेजात मराठी शिकवलं होतं, तोंडाला बोलायची खोड होती आणि खारघरच्या फ्लॅटमध्ये ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. त्यामुळे जवळच्या एका मेडिकल कॉलेजातून फोन आला तेव्हा मी थोडे आढेवेढे घेतल्यासारखं केलं आणि हो म्हणून टाकलं.

काम असं होतं, की डॉक्टर होऊ घातलेल्या मुलांना गोष्टी, नाटकं, चित्रं यांच्यातून आजार आणि आजारी माणूस समजून घ्यायला शिकवायचं. अभ्यासक्रमात आता तसा विषयच आला होता. आठवड्याला दोन तास, कॅन्टीनशेजारच्या एका खोलीत, जिथे पूर्वी मोडक्या खुर्च्या ठेवत असत. मुलांच्या लेखी माझ्या तासाची किंमत त्या खुर्च्यांहून जास्त नव्हती. मागच्या बाकांवर पुढच्या परीक्षेचं वाचन चालायचं. मला राग यायचा, आणि स्वभाव मुळात खवचट असल्यामुळे तो तिरक्या बोलण्यातून बाहेर पडायचा.

माझा एक ठरलेला धडा होता. प्रत्येकानं वॉर्डातल्या एका पेशंटशी बोलायचं आणि त्याची गोष्ट त्याच्याच तोंडून, 'मी' म्हणून, लिहून आणायची. अट एकच. केसपेपर, रिपोर्ट, काही वाचायचं नाही. "फाइल बघायची नाही, माणूस बघायचा," असं मी पहिल्याच तासाला ठणकावून सांगायची. वाक्य माझं मलाच फार आवडायचं. विभागप्रमुख बाईंनाही आवडलं होतं. त्या स्वतः डॉक्टर, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान. त्यांनी ते छापून खोलीच्या दाराला लावलं होतं.

तिसऱ्या वर्षाला एक मुलगी होती. मागच्या बाकावर न बसणारी, आणि लिहायचा हात असलेली. तिला पुरुषांच्या वॉर्डातला एक पेशंट मिळाला. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहणारा माथाडी, मूळचा साताऱ्याकडचा, पन्नाशीच्या आसपासचा. लिव्हर गेलेलं, पोटात पाणी झालेलं, डोळे पिवळेजर्द. गळ्यात तुळशीची माळ. तिनं दीड पान लिहून आणलं. गोण्या उचलल्या, कधी दारूला शिवलो नाही, माळ घातलीये, पोट सुजलं म्हणून इथे आलो. बस, एवढंच. तिनं ते त्याला वाचून दाखवलं होतं आणि भिंतीवर लावायला त्याची रीतसर सहीही आणली होती.

मी लाल पेनानं खाली लिहिलं : 'माणूस उभा राहत नाही. तो काय लपवतोय?'

तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आज सरळ सांगते. लिव्हर म्हटलं की दारू, हेच होतं. वॉर्डातल्या मावशींनी तसं ठरवलं होतं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यानं ठरवलं होतं. मी त्या पेशंटचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं आणि मीही ठरवलं होतं.

आठवड्यानं मुलीनं नवीन मजकूर आणला. आता तो माणूस मार्केटच्या मागे चोरून पीत होता. एक वाक्य मला अजून पाठ आहे : 'आधी माळ काढून खिशात ठेवायचो, मग बाटली उघडायचो, देवाला वास नको म्हणून.' त्या वाक्याशेजारी मी 'वा!' असं लिहिलं. वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. मागच्या बाकांवरच्यांनी पहिल्यांदा पुस्तकातून डोकी वर काढली. त्यानं हे खरंच सांगितलं का, असं मी तिला विचारलं नाही. सुचलंच नाही मला विचारायचं.

ते पान मोठ्या अक्षरात छापून ओपीडीबाहेरच्या फळ्यावर लागलं. नाव अर्थातच नव्हतं. पण तालुका होता, मार्केट होतं, माळ होती, आणि ट्रकच्या फाळक्यात सापडून तुटलेली डाव्या हाताची दोन बोटंही होती. तपशील द्या, तपशिलानं माणूस जिवंत होतो, हेही मीच शिकवलेलं.

चौथ्या दिवशी एक बाई माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. अंगावर साधं पातळ, हातात मोबाइल. आत या म्हटलं तरी येईना.

"ह्ये कुनी लिव्हलं?" तिनं मोबाइल पुढे केला. त्यावर आमच्या फळ्याचा फोटो होता.

"आमच्या एका विद्यार्थिनीनं," मी म्हणाले.

"आन तिला शिकवतं कोन?"

"मी."

मग ती आत आली आणि खुर्चीवर टेकली. त्या पेशंटची ती बायको. नवऱ्याबरोबर गोण्या वाहणाऱ्या टोळीतला एक जण भेटायला आला होता, त्यानं जाता जाता फोटो काढला आणि टोळीच्या ग्रुपवर टाकला. टोळीतली अर्धी माणसं एकाच गावची. संध्याकाळपर्यंत गावात पोचलासुद्धा. गावी थोरला भाऊ, घर एकच. दोघा भावांनी माळ घातली ती एकाच दिवशी, पोरवयात. आजारपण सुरू झाल्यापासून तो दिवसातून दोनदा फोन करायचा. हॉस्पिटलातून सोडलं की मी न्यायला येतो, घरी ये, असं त्याचं चाललेलं. त्या फोटोनंतर त्याचे फोन यायचे बंद. ह्यांनी केला तर उचलत नाही.

"मंगळवारपास्नं अन्नाला शिवलं न्हाईत," ती म्हणाली. "दादानं खरं मानलं, येवढंच म्हनत्यात. डॉक्टर म्हनतो, असं क्येलं तर हाताला लागायचं न्हाईत."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मी पुरून उरते. तिनं नुसता मोबाइल परत माझ्यापुढे धरला.

मी मुलीला बोलावलं आणि फैलावर घेतलं. चांगलं दहा मिनिटं. ती रडली, आणि रडता रडता म्हणाली, "मॅडम, तो लपवतोय असं तुम्हीच म्हणालात." खरं होतं. मी म्हटलं, डोळे पूस, वर चल. जाताना फळ्यावरचं ते पान मी स्वतः काढलं.

वॉर्डातल्या निवासी डॉक्टरकडे मी फाइल मागितली. पहिल्यांदाच. शोधायला काही लागलं नाही, पहिल्याच पानावर होतं : मद्यपान, कधीही नाही. पुढे दोन पानं सोडून रक्ताचा रिपोर्ट. काविळीचा जुना विषाणू अंगात होता, त्यानं लिव्हर पोखरलं होतं. "हे तर ॲडमिट झाल्या दिवसापासून आहे, मॅडम," डॉक्टर म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, बिचाऱ्याला घाई होती. मला मात्र कुठे तोंड लपवू असं झालं.

पेशंट खिडकीशेजारच्या खाटेवर होता. हात काडीसारखे, पोट तेवढं मोठं. मी मनाशी माफीची वाक्यं जुळवून गेले होते, चांगली घोटीव. दुसऱ्या वाक्याला त्यानं हात वर केला.

"बाई, माफी ऱ्हाऊ द्या. त्यो कागद काढला का?"

"काढला."

"मंग आता दुसरा लावा. मी सांगतो त्यो. तेवढ्याच मोठ्या अक्षरात."

त्यानं सांगितलं, मुलीनं लिहिलं. किती वाजता उठायचा, कुठल्या गाळ्यावर गोण्या वाहायचा, बायको डब्यात काय द्यायची, खांद्याला घट्टे कसे पडले. माळ कुणी घातली. विषाणूचं नाव त्यानं डॉक्टरकडून पाठ करून घेतलं होतं, ते अडखळत सांगितलं. 'मी दारू प्यालो न्हाय' हे वाक्य चार वेळा आलं. दुसऱ्या वेळी मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, असू दे. खोटं कशाला बोलू, हात मात्र शिवशिवत होता. तीन वेळचं काढून एक ठेवलं असतं तर मजकूर बांधेसूद झाला असता.

दुसऱ्या दिवशी ते पान फळ्यावर लागलं. बायकोनं फोटो काढला, ग्रुपवर टाकला, दिराला वेगळा पाठवला. संध्याकाळी जावेचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. तो तिनं मला ऐकवला. थोरल्याचं म्हणणं असं होतं : पहिलं लिहिलं ते दवाखान्याच्या शिकल्यासवरल्या लोकांनी, हे त्यानं आपल्या तोंडानं सांगितलंय. प्यालेला माणूस 'प्यालो' म्हणेल का? मग धरायचं कुठलं?

मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले. त्याचं काय चुकलं होतं? आम्ही एका माणसाबद्दल छापलं होतं, आणि आता त्या माणसानं स्वतःबद्दल काहीही सांगितलं तरी ते आमच्या छापलेल्यापुढे फिकं पडत होतं. मला त्या रात्री, अगदी मनापासून, माझीच शिसारी आली.

सकाळी मी माझ्या मोबाइलवरून भावाला फोन लावला. अनोळखी नंबर म्हणून त्यानं उचलला. मी कोण ते सांगितलं, पहिलं पान खोटं आहे हे सांगितलं, ते खोटं मी करवून घेतलं हेही सांगितलं. मग तो म्हणाला, "फोनवर कुनीबी कायबी बोलतंय."

"मग या," मी म्हणाले. "मला तोंडावर विचारा."

त्यानं फोन ठेवला. विभागप्रमुख बाईंच्या कानावर घातलं, तर त्यांचा चेहरा उतरला. "लेखी काही देऊ नका हं, मॅडम," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं, कॉलेज त्यांना चालवायचं होतं.

पुढचे तीन दिवस मी रोज वॉर्डात जात होते. दयेनं जात होते असं म्हणवून घ्यायला मला आवडेल, पण मी भीतीनं जात होते. भाऊ यायच्या आत हा माणूस गेला तर हे जन्मभर माझ्या माथी, ही भीती. त्याची बायको चमच्यानं पेज भरवायची. तो दोन चमचे घ्यायचा, मान फिरवायचा, आणि दाराकडे बघत राहायचा. मुलगी तास बुडवून त्याच्या पायाशी बसायची. तो तिच्याशी बोलायचा, गंमत म्हणजे. कुठल्या गावची, आई काय करते, डॉक्टर व्हायला अजून किती वर्षं. माझ्याशी कामापुरतं.

चौथ्या दिवशी सकाळी ओपीडीतून निरोप आला, कुणीतरी 'लिव्हनारी बाई' विचारतंय. खाली गेले. पांढरी टोपी, पांढरा पायजमा, गळ्यात माळ, खांद्याला पिशवी. रात्रीच्या एसटीनं आलेला माणूस ओळखू येतो. तो फळ्यासमोर उभा राहून भावाचं पान वाचत होता, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यानं पान शेवटपर्यंत वाचलं, मगच माझ्याकडे वळला.

"पयलं तुमी लिव्हलं?"

"माझ्या विद्यार्थिनीनं. मी सांगितलं म्हणून."

"त्यानं तसं सांगितलं हुतं?"

"नाही."

"कुनी बघितलं हुतं त्याला?"

"कुणीच नाही. फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे, कधीही प्यायलेला नाही म्हणून. चला, दाखवते."

"कागद नगं आता." त्यानं मान हलवली. "मंग लिव्हलं कशाला?"

पस्तीस वर्षांत या प्रश्नाची किती उत्तरं मी वर्गात दिली होती. माणसाच्या मनातला झगडा, वरवरच्या सत्याखालचं सत्य, आणखी काय काय. सगळी जिभेपर्यंत आली आणि त्याच्या त्या तोंडाकडे बघून तिथेच थिजली. ओपीडीत नंबर पुकारत होते. लोक आमच्यामधून वाट काढून जात होते.

"वाचायला चांगलं वाटत होतं," मी म्हणाले.

आता तो शिव्या देईल असं मला वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं. पण त्यानं परत एकदा भावाच्या पानाकडे पाहिलं.

"तुमी परकी," तो म्हणाला. "तुमास्नी काय म्हाईत त्यो कसा हाय. मी तर सख्खा भाऊ. मी कसं खरं मानलं?"

त्यानं टोपी काढून तोंड पुसलं, परत घातली, पिशवी खांद्यावर नीट केली आणि कितवा मजला ते विचारलं. मी सांगितलं. तो जिन्याकडे भराभरा चालू लागला. मी त्याच्या मागे गेले नाही.