चावीकाकाचं मत

चावीकाकाला मी ओळखत होतो असं म्हणताना जीभ अडखळते. बावीस वर्षं आमची दुकानं भिंतीला भिंत लावून होती. तो कुलपं दुरुस्त करायचा, मी घड्याळं. त्याचं खरं नाव मी कधी विचारलं नाही, यावरूनच काय ते समजा.

किल्ली करून दिली की तिचा साचा तो गिऱ्हाइकासमोर मोडून टाकायचा. "दुसऱ्याच्या दाराचं माझ्याकडे काही नको." मतही त्याने कधी दिलं नव्हतं. म्हणायचा, "दुसऱ्याच्या मानगुटीवर कोण बसणार ते मी ठरवायचं? हा हक्क मला दिला कुणी?"

"अरे बाबा, तू नाही दिलंस तरी कुणीतरी बसणारच."

"बसू दे. माझ्या हाताने नको."

मग गावाच्या कार्यालयाने ठराव आणला. प्रत्येक घराची एक जादा किल्ली तिथे जमा करायची. आगीबिगीत बरी पडते म्हणे. रविवारी त्यावर मतदान. मला त्यात काही वावगं दिसलं नाही, पण काका पांढराफटक पडला. त्याची मुलगी मार खाऊन माहेरी आली होती, आणि तिचा नवरा त्याच कार्यालयात कारकून होता.

"जा आणि 'नको' म्हणून ये की," मी म्हणालो.

"गेलो तर कबूल केलं, की माझ्या दाराचा निकाल लोकांनी लावावा. नाही गेलो आणि एका मताने पास झाला तर?"

त्याने कानस उचलली आणि तयार झालेली किल्लीच पुन्हा घासायला घेतली.

रविवारी तो माझ्यासोबत रांगेत उभा राहिला. दारात यादी घेऊन जावईच.

"या सासरेबुवा! यंदा उजाडलं म्हणायचं?"

काकाने माझी बाही धरली, ती आत जाईपर्यंत सोडली नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "राज्य करायला नाही गेलो, दाराला कडी घालायला गेलो होतो. पण भीती जात नाही रे. माझं दार मीच त्यांच्या पेटीत टाकून आलो."

बुधवारी मोजणी झाली. ठराव चांगलाच आपटला. सांगायला धावत गेलो तर दुकानाला कुलूप, घरालाही. मुलीला घेऊन तो कुठे गेला ते आजतागायत कळलं नाही.

आदल्या संध्याकाळी शटर ओढताना एवढंच बोलणं झालं होतं.

"तुझं कुलूप करकरतंय. तेल घाल."

"उद्या घालतो."

"आजच घाल."