खोट्या इशाऱ्याच्या मागे

बबिता माझी नणंद. सिरसाळ्याच्या मराठी शाळेत शिकली, अंबाजोगाईला इंजिनियर झाली, आणि आता घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारे पंप ती कंपनी बनवते. पंपाच्या आत ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. बबिता त्या कर्नलचा कोड लिहिते.

मला यातलं जे कळतं ते तिनंच भाकरी थापता थापता सांगितलेलं. कर्नलमध्ये कुलपं असतात. कोडच्या ज्या भागाच्या हातात कुलूप तो काम करतो, बाकीचे थांबतात. एकानं पहिलं कुलूप धरून दुसरं मागितलं आणि त्याच वेळी दुसऱ्यानं दुसरं धरून पहिलं मागितलं, की दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे उभे. याला डेडलॉक म्हणतात. असं घडायच्या आधीच ओरडणारा, म्हणजे स्क्रीनवर इशारा देणारा, एक तपासनीस कर्नलमध्ये ठेवता येतो, पण तो फक्त तपासणीच्या मशीनवर. दवाखान्यात जाणाऱ्या पंपात तो नसतो.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी पूजेची तयारी करत होते आणि बबिताचा फोन स्पीकरवर होता. पलीकडं तिचे वरिष्ठ, सोमनाथ सर.

"तो इशारा खोटा आहे हे शेंबडं पोरही सांगेल. त्या कुलपांपुरता तपासनीस बंद कर आणि तसं लिहून दे. साठ पंप गाडीत भरायचेत."

"सर, खोटा आहे हे मलाही पटतं."

"मग झालं की."

"पण तो एकदा ओरडला की मशीन परत चालू करेपर्यंत गप्प बसतो. आपल्याकडं चालू केल्याबरोबर खोटं ओरडतो. म्हणजे हा पंप बनवायला घेतल्यापासून दोन वर्षं त्यानं पुढचं काहीच बघितलं नाही."

"पाच वाजेपर्यंत सांग," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

माझे सासरे, सुग्रीव मामा, मेंढरं बांधून पाणी प्यायला आत आले होते. "कावून तोंड उतरलंय गं?"

"आबा, पंपाच्या मोठ्या डब्याला एक कुलूप हाय अन् त्यातल्या औषधाच्या चार कप्प्यांना एकेक; कप्पे ओढून काढता येतात. तपासनीस कुलपाचा चेहरा ओळखत न्हाई. कोडच्या एकाच ओळीत जन्मली म्हणून सगळी एकच समजतो. डब्याचं धरून कप्प्याचं मागितलं, की म्हणतो, धरलेलंच परत मागतोय, अडकणार."

मामा हसले. "माझ्या मेंढरांच्या पाठीवर एकच रंग हाय, म्हणून काय मेंढरू एकच झालं? लई भित्रा हाय तुझा तपासनीस. वेगळा रंग लाव की."

"तेच करणार हाय. त्याला झोपवायचं न्हाई मला."

तिनं कप्प्यांच्या कुलपांना वेगळी खूण दिली आणि तपासणीचा पंप चालू केला. तपासनीस ओरडला नाही. मला वाटलं, सुटलो. पण ती स्क्रीनवरून नजर काढेना.

"वैनी, आता तो जागा हाय. आता काय दिसंल कुणास ठाऊक."

टेबलावर पंप, सिरिंजमध्ये साधं पाणी, नळीखाली वाटी. तिनं वेग कमी-जास्त केला, नळी दाबून धरली, लाईट काढून बॅटरीवर चालवला. काही झालं नाही. मग म्हणाली, "मी वेग बदलते, त्याच वेळी तुमी शेजारचा रिकामा कप्पा ओढून काढा."

मी ओढला. स्क्रीनवर ओळींमागून ओळी धावल्या. मला इंग्रजी नीट येत नाही, पण तिच्याकडं बघूनच समजलं.

"हा पण खोटा असंल," मी म्हणाले.

"न्हाई. वेग बदलताना आधी डब्याचं कुलूप धरतात, मग एकेका कप्प्याचं. कप्पा काढताना उलटं चाललंय. दोन्ही एका क्षणी झालं तर संपलं."

"पण अडकलं तर न्हाई."

"आत्ता न्हाई अडकलं."

आम्ही पुन्हा पुन्हा तेच केलं. अकराव्या वेळी वाटीतला थेंब थांबला. स्क्रीनवरचे आकडे तसेच, हिरवा दिवा तसाच. औषध थांबलं की वाजणारा पंपाचा भोंगा वाजायची मी वाट बघत होते.

"वाजत कावून न्हाई?"

"भोंगा वाजवणारा कोड पण त्याच कुलपासाठी थांबलाय."

मी मनातल्या मनात वैजनाथाचं नाव घेत राहिले. औषध बंद आणि वर हिरवा दिवा. खाटेजवळ बसलेल्या माणसाला काय कळणार होतं?

बबितानं सोमनाथ सरांना फोन लावला, झालेलं सांगितलं. "मी लिहून देणार नाही सर. गाडी थांबवा."

"थांबवतो." मग आवाज खाली गेला. "याआधीचे चाळीस पंप दवाखान्यांत चालू आहेत. यादी पाठवतो. अर्ध्यांना तू फोन कर."

यादीतला पहिला दवाखाना आमच्याच जिल्ह्यातला होता. रुबीना नावाच्या सिस्टरनं फोन उचलला.

"सिस्टर, चालू पंपातून कप्पा काढता का?"

"काढतो की. पेशंट दुसऱ्या वॉर्डात न्यायचा असला की रोजच."

"आजपासून काढू नका. आधी औषध बंद करा, मग काढा. सगळ्यांना सांगा. पंप कधी अडकला होता का?"

"दोनदा. बंद करून चालू केला, चालला. म्हणून कुणाला सांगितलं न्हाई आमी."

"तवा पेशंट?"

"पहिल्यांदा मी शेजारीच होते, लगेच दिसलं. दुसऱ्यांदा माझी ड्युटी नव्हती. किती वेळ बंद होता, ते विचारावं लागंल."

"विचारा," बबिता म्हणाली. "मी फोन धरून थांबते."

पलीकडं चपलांचा आवाज लांब गेला. बबितानं माझा हात धरला.