हात धुवायला शिकवणारे साहेब

समाजसेवेने माणसाचा किती छळ करता येतो, हे ज्यांनी सिद्ध केलं असे गृहस्थ माझ्या ओळखीत एकच : नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या कारखान्याचे एच.आर. साहेब. मेंटेनन्सच्या आम्हा चौघांना ते रविवारी पहाटे उठवून पेठच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत न्यायचे. सोबत बॅनर असायचा. त्यावर मुलं लहान आणि साहेब मोठे. गाडीत ते ‘देण्यातला आनंद’ समजावून सांगत आणि सगळ्यांसाठी घेतलेला चिवडा एकटे संपवत. झोपमोड झालेल्या माणसाला आनंद कसा होतो, ते त्यांनी एकदा करून दाखवावं असं मला फार वाटे.

पहिल्याच फेरीत त्यांनी हात धुण्याचं प्रात्यक्षिक मांडलं. बाह्या दुमडून, साबण हातात घेऊन, “आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या!” असं ओरडत साहेब उभे, आणि नळाला पाण्याचा थेंब नाही. विहिरीवरची मोटार जळालेली. मुली ओहोळावरून डोक्यावर हंडे वाहून आणत होत्या. साहेबांनी आमच्या पिण्याच्या बाटल्या ओतून कार्यक्रम उरकला. “साहेब, आधी पाण्याचं बघू या का?” मी विचारलं. “सवय महत्त्वाची हो,” ते म्हणाले, “पाणी काय, येईल.” अशा माणसापुढे डोकं फोडून काय उपयोग!

शेवटी मोटार आम्हीच काढली, नाशिकला आणून रिवाइंड केली आणि पुढच्या खेपेला बसवली. नळ वाहू लागला तेव्हा आमचा फिटर, ज्याला कारखान्यात हसताना कोणी पाहिलेलं नाही, मुलींबरोबर चिंब होईपर्यंत खिदळत होता. मलाही भरून आलं. साहेबांच्या नावाने बोटं मोडणारे आम्ही त्यानंतर न बोलावता गाडीत जाऊन बसायला लागलो. साहेब स्वतः मात्र काम निघालं की शाळेमागे नाहीसे होत, आणि फोटोच्या वेळी घामाघूम होऊन उगवत. पान्हा कधी हातात धरला नाही, मग घाम कसला, देव जाणे.

पुढे ते निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. नव्या साहेबांनी फेऱ्या बंद केल्या, तरी मोटार बघायला आम्ही आपले जातोच. परवा पोचलो तर मुली गाडीत वाकून वाकून पाहायला लागल्या.

“ते मोठं साहेब नाय आलं?” एकीने विचारलं.

“नाही. पाणी येतंय ना नीट?”

“पाणी येतंय. पण आम्ही त्यांना मागं खो-खो शिकवत होतो ना! लय पळायचं. खो द्यायला अजून जमत नाय त्यांना.”

घरी आल्यावर मी साहेबांना फोन करून हे सांगितलं.

“दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय हो,” ते म्हणाले. “आता पळणं नाही. पण बसणाऱ्यांत घेतील का मला?”

खो-खोत बसणाऱ्याला उकिडवं बसावं लागतं, आणि खो मिळाला की उठून पळावंही लागतं. इतक्या दिवसांत एवढंही त्यांच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

“घेतील, साहेब,” मी म्हणालो.