माउंडवरचा काका

यंदाच्या मोसमात पहिल्याच शनिवारी आमच्या बेसबॉल टीमच्या कॅप्टनने माझ्या हातातला बॉल अलगद काढून घेतला. कॅप्टन नागपूरचा, कामाच्या व्हिसावर इथे अमेरिकेत, शॉमबर्गला आलेला, वागायला अगदी सभ्य. म्हणाला, "काका, तुम्ही यंदा कोचिंग बघा ना. एवढा एक्स्पीरियन्स आहे तुमचा. पिचिंग आम्ही मॅनेज करतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मंडळाच्या गणपतीत मला काका म्हणा, पॉटलकच्या जेवणाला म्हणा, माझी तक्रार नाही. पण बेसबॉलच्या मैदानावर एकदा काका झालात की तुम्हाला घडीची खुर्ची मिळते, थंड पाण्याची बाटली मिळते आणि बॉल मिळत नाही. वर तुम्ही चिडायचंही नाही, कारण तो मान असतो. मी घरी येऊन बायकोपुढे आदळआपट केली. ती म्हणाली, "मग त्यांनी तुला काय नावाने हाक मारायची? ती मुलं आपल्या मुलीच्या वयाची आहेत." तिचंही चुकत नव्हतं, म्हणून आणखीच राग आला.

मी पिचर, म्हणजे बेसबॉलमधला बॉल टाकणारा, सहजासहजी झालेलो नाही. पुण्यात कॉलेजात असताना मला बॉलिंगची भारी हौस होती, पण बॉल टाकताना माझं कोपर वाकायचं. दुसऱ्याच बॉलला समोरून ओरडा सुरू व्हायचा, "फेकी आहे, फेकी!" बॉलिंगच्या नावाखाली जो सरळ बॉल फेकतो, तो फेकी. क्रिकेटमध्ये बॉलरला याहून वाईट शिवी नाही. मला कायमचं बाउंड्रीवर उभं करण्यात आलं. पुढे नोकरीसाठी इथे आलो. ऑफिसातल्या एका अमेरिकन सहकाऱ्याने एका रविवारी मला मैदानावर नेलं, पिचर उभा राहतो त्या मातीच्या उंचवट्यावर, म्हणजे माउंडवर, चढवलं आणि सांगितलं, फेक. ज्यासाठी शिव्या खाल्ल्या तेच इथे करायचं होतं. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो.

आणि आता हे मला कोचिंग बघायला सांगणार.

खांदा दुखतो हे मला कळत नाही का? मॅचनंतर मी फ्रीझरमधल्या मटारची पिशवी खांद्यावर घेऊन बसतो, आणि बायको विचारते की आज उसळ करायची की तुझा खांदा शेकायचाय. वेग गेला, तो गेलाच. पण वेग गेल्यावर मी बॉल वळवायला शिकलो. बॅटरचे पाय कुठे आहेत ते बघून त्याला काय नकोय ते ओळखायला शिकलो. वेग होता तेव्हा मी नुसता बैलासारखा फेकत होतो. यातलं या मुलांना काही ऐकायचं नव्हतं.

भांडून शेवटी एक इनिंग मिळवली, म्हणजे समोरचे तिघे आउट होईपर्यंत बॉल माझ्याकडे. समोर नेपरव्हिलची टीम होती, तीही सगळी आपलीच मुलं. दोघे आउट झाले आणि तिसरा आला, उंचापुरा, खांदे असे की बॅट त्याच्या हातात लाटण्याएवढी दिसावी. मागून आमची पोरं ओरडत होती, "कमॉन काका!" मी तीन बॉल टाकले. तिन्ही वेळा त्याने बॅट फिरवली आणि तिन्ही वेळा चुकला, म्हणजे आउट. पोरांनी मला उचलून घेतलं. मी कॅप्टनकडे अशा नजरेने पाहिलं की बिचाऱ्याने मान खाली घातली.

मॅच संपल्यावर मी बाकामागे बूट सोडत होतो. पलीकडे तोच बॅटर त्याच्या मित्राला सांगत होता, "यार, काकांना कसं मारणार? बाबांच्या वयाचे आहेत."

फेकी म्हणून हाकललं तेव्हाही इतका अपमान वाटला नव्हता. त्यांनी निदान माझा बॉल बघून मला हाकललं होतं. मी बुटाची नाडी पुन्हा आवळली, त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "बॅट घे."

"काका, जाऊ द्या ना. मस्त टाकलेत तुम्ही."

"बॅट घे म्हणतोय ना."

कॅप्टन मध्ये पडायला आला, त्याला बाजूला केलं. माउंडवर चढलो आणि माझा सगळ्यात चांगला, शेवटच्या क्षणी खाली पडणारा बॉल टाकला. त्याने तो कुंपणावरून पार्किंगमध्ये धाडला. दुसरा त्याच्याही पुढे. तिसरा मी त्याच्यापासून लांब ठेवला, वाकायला लावलं. त्याने वाकून तोही मारला.

लाज वाटली, आणि चांगलीच वाटली. पण ती माझी होती, कोणी सांभाळून घेतलेली नव्हती. मी ग्लव्ह काढला आणि खिशातला उरलेला बॉल कॅप्टनच्या हातात ठेवला. म्हटलं, पुढच्या शनिवारी तू टाक.

तो बॅटर धावत आला. चेहरा पडला होता त्याचा. "सॉरी काका," तो म्हणाला.

"सॉरी म्हणायचंच असेल," मी म्हणालो, "तर मॅचमधल्या त्या तीन बॉलबद्दल म्हण."