मागच्या खोलीची हरकत

नोंदणी कचेरीत त्यांना सगळे हरकतकाका म्हणत. आता हे काही कौतुकाचं नाव नव्हे. कुणाच्या घरावर, जमिनीवर नवं नाव चढायचं असलं की त्याची नोटीस पंधरा दिवस फळ्यावर लागे. सोळाव्या दिवशी हे गृहस्थ कचेरीच्या दारात उभे राहून खड्या आवाजात तीनदा विचारत, "अमुक मिळकतीच्या नोंदीला कोणाची हरकत आहे का?" मग पाच मिनिटं वाट बघायची, वहीत हरकतीच्या रकान्यात 'नाही' लिहायचं आणि शिक्का मारायचा. लोक भांडत नसत असं नाही. पण ती भांडणं वकिलांमार्फत, वरच्या साहेबांकडे. दारात बसून तोंडानं 'आहे' म्हणणारा मायेचा पूत एकतीस वर्षांत एकही निघाला नव्हता.

बाकी कायदा मात्र त्यांच्या जिभेवर. कोणी कागद घेऊन आला की काका चष्मा कपाळावर चढवत. "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जे तुझं नाही ते तू विकणार कसं? आणि तोंडी शब्दाचं काय घेऊन बसलास, नोंद झाली का ते सांग." तिसरी गोष्ट ते बोट नाचवून सांगत. "बारा वर्षं कोणी तुझ्या जागेत उघड उघड ठाण मांडून बसला आणि तू हूं की चूं केलं नाहीस, तर जागा त्याची, आणि तू बस बोंबलत. पण परवानगी देऊन ठेवलीस तर बारा काय, बावीस वर्षं राहू दे, तो पाहुणाच."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! हे मी उगाच म्हणत नाही. ताईचं प्रकरण ऐका म्हणजे कळेल.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, सहा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. वडलांच्या घरात ओळीनं चार खोल्या, त्यातल्या मागच्या खोलीत तिचं शिलाई मशीन. काकांचे शाळेचे सदरे तिनं शिवले, लग्नातला कोटही तिनंच शिवला. वडील गेले आणि घर दोघांचं झालं. काकांनी हक्कसोडपत्र तयार करून आणलं. तिनं आपला वाटा सोडायचा, घर एकट्या भावाच्या नावावर.

"एका नावावर असलं की कटकट नसते गं. तू कुठं जाणार आहेस? मागची खोली तुझीच."

"मग तेवढं लिही ना त्यात," ताई म्हणाली.

"घरच्या माणसांत लिहायचं कशाला?"

जन्मभर जगाला 'लिहून घे, लिहून घे' सांगणारा माणूस हे बोलला! ताईनं सही केली. सोळाव्या दिवशी ती स्वतः कचेरीत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून. काकांनी तीनदा पुकारलं. तिन्ही वेळा ती नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी काकांनी पाच मिनिटंही वाट पाहिली नाही. 'नाही' लिहिलं आणि शिक्का मारून मोकळे झाले.

दीड वर्षांनी मुलाची परीक्षा आली. मशीनच्या खडखडाटात त्याचा अभ्यास होईना, म्हणून ताईनं 'थोडे दिवस' दोन गल्ल्या पलीकडे भाड्याची खोली घ्यावी असं ठरलं. ठरवलं कोणी ते विचारू नका. मागच्या खोलीत मुलाचं टेबल लागलं. पोरगं आतून बंद करून झोपायचं, म्हणून काकांनी दाराची आतली कडी स्वतः स्क्रू काढून उपटून टाकली. आठ महिन्यांत ताई त्या भाड्याच्या खोलीतच वारली. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला. काकांनी मशीन परत आणलं, मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कुलूप घातलं.

पुढच्या रविवारी दुपारी तीन वाजता मशीन सुरू झालं.

"उंदीर असतील," काका म्हणाले.

"उंदीर टाका घालतात होय?" काकू म्हणाल्या.

काकांनी कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. मशीनचं चाक शेवटचा फेरा घेत हळूहळू थांबत होतं. जमिनीवर निळ्या दोऱ्याचे तुकडे पडले होते, आणि घरात निळं रीळ नव्हतंच. काकांनी स्टुलावर हात ठेवला. स्टूल कोमट होतं.

मग दर रविवारी तीन वाजता. रात्री-बेरात्री नव्हे, लख्ख उन्हात, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असं. शेजारीण एकदा विचारूनही गेली, काय शिवताय म्हणून. काका घाबरत, दाराशी जात आणि परत येत. तोडगा त्यांना पाठ होता हो. 'ताई, राहा, माझी परवानगी आहे' एवढं म्हटलं की ती पाहुणी, कायम पाहुणी. पण ओठांवर शब्द येईना. तिच्या खोलीत राहायची तिला परवानगी द्यायची कोणी? आणि 'नीघ' म्हणायचं तर ते एकदा म्हणून झालं होतं. म्हणून काका गप्प बसले, आणि मनातल्या मनात वर्षं मोजत राहिले.

निवृत्ती झाली. मुलाचा निरोप आला, घर विकून आमच्याकडे या. काकूंचा जीव नातीत अडकलेला. चष्म्यांचा एक दुकानदार गिऱ्हाईक म्हणून मिळाला. त्याला चारही खोल्या रिकाम्या हव्या होत्या. सोमवारी तो शेवटचं बघून जाणार, मग खरेदीखत. आणि आदल्या रविवारी त्या मशीनला बरोबर बारा वर्षं पुरी होत होती.

"आज एकदा बोला तिच्याशी," काकू म्हणाल्या. "पाया पडते तुमच्या. नात चालायला लागली, मी अजून तिला मांडीवर घेतली नाही."

तीन वाजता काका किल्ली घेऊन दारापाशी गेले. आत मशीन चालू होतं. त्यांनी कुलूप काढलं आणि हाक मारली, "ताई."

मशीन थांबलं.

"घर विकतोय गं मी. तू आता..." तेलाचा वास दाराच्या फटीतून येत होता. आत स्टूल सरकलं. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली. मध्ये फक्त बोटभर जाडीची फळी. काकांना कचेरीतला तो बाक आठवला, ती पिशवी आठवली, आणि आपण न थांबलेली पाच मिनिटंही आठवली. लाजेनं त्यांचं अंग भिजलं.

मग आतून कडी सरकल्याचा आवाज आला. त्यांनी दार ढकललं, खांदा लावला. दार हललं नाही.

सोमवारी दुकानदार आला. तीन खोल्या बघून खूश झाला. मागच्या दाराशी गेला, कुलूप निघालेलंच होतं, त्यानं ढकललं.

"आतून बंद आहे. कोण आहे आत?"

काका खाली बघत राहिले. काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे. नातीचा फोटो त्यांच्या हातातच होता.

"नणंद आहेत माझ्या," त्या म्हणाल्या. "इथंच राहतात. ही खोली त्यांचीच आहे."

"अहो, कागदावर तर यांचं एकट्याचं नाव आहे!"

"कागदावर आहे," काका म्हणाले.

दुकानदार व्यवहारी माणूस. आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, घरातलं घरात बघा. त्यांची काही हरकत नाही ना?"

काकांनी सवयीनं वाट पाहिली. या वेळी पाच मिनिटं. दुकानदार एका पायावरून दुसऱ्या पायावर होत राहिला, घड्याळ बघत राहिला. पण काका जागचे हलले नाहीत.

"आहे," आतून ताई म्हणाली.

दुकानदार कधी गेला, छत्री विसरून कसा गेला, ते दोघांनाही कळलं नाही. काकांनी खिशातून पेन काढलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लिहून घेतो गं ताई," ते दाराला म्हणाले. "लिहून घेतो."