बाळसं

‘बाळसं धरलं’ असं कुणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. शब्दाचा काही दोष नाही, शब्द चांगलाच आहे. पण मी अंगणवाडी सेविका. लेकरांची वजनं घेणं, त्यांना खाऊ घालणं, घरोघरी फिरून आयांशी डोकेफोड करणं हे माझं काम. या एका शब्दापायी मी एका घराशी जेवढी भांडले तेवढी नवऱ्याशीही कधी भांडले नाही.

ते घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. अड्याळच्या बाजारात त्यांची मासोळी हातोहात खपते. घरात दीड वर्षाची नात. आई पुन्हा पोटुशी राहिली म्हणून अंगावरचं दूध तोडलेलं, आणि पोरगी दिवसेंदिवस सुकत चाललेली. काय खाऊ घालता म्हणून विचारलं की आजी सांगायची, पेज. सकाळी पेज, संध्याकाळी पेज. अंगणात टोपलीत मासे तडफडतायत आणि पोरीच्या वाटीत तांदळाचं पांढरं पाणी.

“दात येऊन रायले तिले. आता मासोळी देली का जंत होतात,” आजी म्हणायची.

“मावशी, काटे काढून द्या. नाहीतर अंडं द्या, घट्ट वरण तरी द्या.”

“वरण जड जाते, बाई. आमची लेकरं पेजेवरच मोठी झाली.”

सून चुलीकडे तोंड करून गप्प बसायची. तिचाही मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस आजीच नातीला कडेवर घेऊन अंगणवाडीत आली. स्वारी भलतीच खुशीत.

“पाहा बाई, पेजेले नावं ठेवत होत्या. बाळसा धरलन पोट्टीनं.”

गाल फुगलेले, हातपाय गुबगुबीत. काट्यावर ठेवलं तर वजनही वाढलेलं. मोबाईलमध्ये आकडा भरला तर तिच्या नावापुढचा धोक्याचा लाल रंग जाऊन पिवळा आला. मी काही बोलायच्या आत आमच्या पर्यवेक्षिका मॅडमचा फोन. छान काम केलंत, म्हणाल्या. आजी खूश, मॅडम खूश, मोबाईल खूश.

मी पोरीचं पाऊल हातात घेतलं आणि अंगठ्याने दाबलं. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. दुसरं पाऊल दाबलं, तिथेही तेच. प्रशिक्षणात आम्हा सगळ्याजणींना हे दाखवतात. दोन्ही पायांवर असा खळगा पडला की ते मांस नव्हे, पाणी. पोटात कसदार काही जात नाही तेव्हा लेकराच्या अंगात असं पाणी भरतं, आणि ते लेकरू बघता बघता हातचं जातं.

“मावशी, हे बाळसं नाही, सूज आहे. आजच भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायचं.”

“सुकली होती तवा बोलली, भरली तवाबी बोलून रायली. तुले पोट्टी पायजे तरी कशी?” तुम्हीवरून ती तूवर आली होती.

मग मीही आवाज चढवला. दारात बायका जमल्या एवढा चढवला. आजी हटेना, म्हणून पोरीच्या बापाला तलावावरून बोलावलं आणि त्याच्यासमोर पुन्हा पाऊल दाबून दाखवलं. तो त्या खळग्याकडे बघत राहिला. मग हातही न धुता त्याने गाडीला किक मारली आणि बायको-पोरीला घेऊन निघाला. मी मागून बसने गेले.

दवाखान्यात अशा लेकरांसाठी वेगळा वॉर्ड आहे. तिथे मोजूनमापून, थोडंथोडं खाऊ घालतात. हळूहळू सूज उतरली आणि तिच्यासोबत वजनही उतरलं. पाणीच होतं ते, निघून गेलं. गाल बसले, बरगड्या दिसू लागल्या. डॉक्टर म्हणाले, हे चांगलं लक्षण आहे. मॅडमचा मात्र फोन आला, वजन कमी कसं झालं, खुलासा द्या. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नेमकी त्याच दिवशी, मी वॉर्डात असताना, आजी भेटायला आली आणि खाटेवरची नात बघून तिचा तोल गेला.

“भरली पोट्टी आणली होती, काडी करून ठेवली. चाल, घरी चाल.”

मी समजावलं, ओरडले, शेवटी हात जोडले. आजी ऐकेना. मला त्या क्षणी सगळ्यांचाच राग आला होता, डॉक्टरांचाही, माझाही. उद्या ही पोरगी पुन्हा पेजेवर जाणार आणि पुढच्या खेपेला तिचं पाऊल दाबायलाही मी पोचणार नाही, हे मला समोर दिसत होतं.

सून तेव्हा पोरीला मऊ खिचडी भरवत होती. वॉर्डात आल्यापासून त्या पोरीने तोंडातून आवाज काढला नव्हता. सुई टोचली तरी नुसती बघायची. आजीने वाटी बाजूला सारली आणि तिला उचललं.

पोरगी किंचाळली. आजीच्या तोंडावर फाडकन चापट मारली, अंग मागे टाकलं, वाटीकडे दोन्ही हात करून लालबुंद होऊन रडू लागली. सगळा वॉर्ड बघत राहिला. मग आजीने नातीला खाली बसवलं, सुनेच्या हातातला चमचा घेतला आणि भरवायला लागली. पोरगी हुंदके देत खात होती, आणि चमचा यायला जरा उशीर झाला की पुन्हा ओरडत होती.